वय किती, एवढंच विचारू नका

अब्बांच्या केसपेपरवर त्यांच्याबद्दल चार गोष्टी लिहिल्या होत्या. नाव, पुरुष, वय ७४, मोठ्या आतड्याचा कर्करोग. ऑपरेशन होऊन गाठ निघाली होती. आता पुढे केमोथेरपी द्यायची होती. मी फाईल धरून शेजारी बसलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, चालता-फिरता ना?" अब्बांना प्रश्न नीट ऐकू आला नाही, पण त्यांनी मान डोलावली. मीही म्हणालो, "हो, चालतात." पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो आणि पहिल्या सलाईनची तारीख घेतली.

मी खोटं बोललो नव्हतो. अब्बा चालत होते. पण त्या तीन महिन्यांत ते मोरीत दोनदा पडले होते, आणि ही गोष्ट अम्मीशिवाय कुणाला माहीत नव्हती. गुडघे दुखतात म्हणून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होते. बीपीची, साखरेची आणि ॲसिडिटीची औषधं वेगळी. कपडे सैल झाले होते, म्हणजे वजन उतरलं होतं. आम्ही ते ऑपरेशनच्या खात्यावर टाकलं. संध्याकाळी चौकात जुन्या एसटीवाल्यांबरोबर बसायचे, ते बंद झालं होतं. ऐकू कमी येत असल्याने गप्पांत मजा येत नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. यातलं काहीही त्या फाईलमध्ये नव्हतं. फाईल माझ्या हातात होती आणि मलाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

त्यांना दोन औषधांची केमो पूर्ण डोसमध्ये सुरू झाली. एक सलाईनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन आणि दुसरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. चौथ्या फेरीत जुलाब सुरू झाले. अब्बा "ठीक हूँ" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ते उठेनात. अंगातलं पाणी गेलेलं, वर बीपीची गोळी आणि गुडघ्यांची वेदनाशामक गोळी चालूच. तिन्ही गोष्टींचा एकत्र मार मूत्रपिंडांवर बसला. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. केमो तिथेच थांबली ती कायमची. अल्लाहच्या कृपेने अब्बा आज आमच्यात आहेत. पण त्या अकरा दिवसांत पायातली जी ताकद गेली, ती पूर्ण परत आली नाही.

हा अग्रलेख कुणा डॉक्टरांवर दोष ठेवायला लिहीत नाही. ज्या ओपीडीत एका सकाळी शंभर माणसं रांगेत असतात, तिथे प्रत्येकाला अर्धा तास कोण देणार? माझा प्रश्न वेगळा आहे. गाठीची तपासणी इतक्या बारकाईने होते. तिचा आकार, तिची अवस्था, ती कुठवर पसरली, सगळं मोजलं जातं. ती गाठ ज्याच्या अंगात आहे, त्या म्हाताऱ्या माणसाची तपासणी कोण करतं?

जगात या तपासणीला नाव आहे, पद्धत आहे आणि तिच्यामागे पुरावाही आहे. मराठीत तिला आपण ज्येष्ठ रुग्णाचं सर्वांगीण मूल्यमापन म्हणू. मोठी मशीन लागत नाही. प्रश्न विचारायचे, थोडं चालायला सांगायचं, औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगायची. माणूस स्वतः आंघोळ करतो का, कपडे घालतो का, पैशांचा हिशेब ठेवतो का, औषधं आठवणीने घेतो का? गेल्या सहा महिन्यांत पडला का? वजन किती उतरलं? आठवण कशी आहे? मन उदास असतं का? इतर आजार कोणते? घरात सांभाळायला कोण आहे आणि त्या सांभाळणाऱ्याची स्वतःची तब्येत कशी आहे?

चालण्याची एक साधी चाचणी आहे. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. घड्याळ लावून वेळ मोजायचा. त्याहून छोटी चाळणी म्हणजे 'जी-८' नावाची प्रश्नावली. आठ प्रश्न, जास्तीत जास्त १७ गुण. १४ किंवा त्याहून कमी गुण आले, तर पूर्ण मूल्यमापन करायला हवं असा इशारा समजतात. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि प्रशिक्षित नर्सही ते करू शकते.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. आरती हुरिया यांचं नाव मोठं आहे. भारतीय वंशाच्या या डॉक्टर अमेरिकेत कॅलिफोर्नियात काम करत होत्या. २०१८ साली अपघातात त्या गेल्या. २०११ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केमोचे गंभीर दुष्परिणाम कुणाला होतील, हे आधी ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून त्यांनी अकरा गोष्टींची एक गुणपत्रिका तयार केली. डोस पूर्ण आहे का, औषधं एकापेक्षा जास्त आहेत का, हिमोग्लोबिन कमी आहे का, मूत्रपिंडांचं काम कसं आहे, हे तिच्यात होतंच. कर्करोग पचनसंस्थेचा असणं हीसुद्धा जोखमीची एक खूण निघाली. आणि त्यांच्याबरोबरीने तिथे हे प्रश्न होते: ऐकू कमी येतं का? सहा महिन्यांत पडलात का? औषधं घ्यायला कुणाची मदत लागते का? थोडं अंतर चालणंही जड जातं का? आजारपणामुळे माणसांत जाणं कमी झालंय का?

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. ऐकू कमी येणं, मोरीत पडणं, चौकात जाणं बंद होणं. ज्यांना आम्ही म्हातारपणाच्या किरकोळ कुरबुरी समजत होतो, त्या केमो झेपणार नाही असं सांगणाऱ्या खुणा होत्या. डॉक्टर एका नजरेत तब्येतीचा जो अंदाज बांधतात, त्याने ही जोखीम ओळखता येत नव्हती, हेही त्या अभ्यासात दिसलं.

या तपासणीने फरक पडतो का? पडतो. अमेरिकेत ७० आणि त्यापुढच्या वयाच्या, कर्करोग वाढलेल्या ७१८ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या ठिकाणी डॉक्टरांना रुग्णाच्या मूल्यमापनाचा अहवाल आणि त्यावरच्या सूचना दिल्या, उरलेल्या ठिकाणी नेहमीसारखे उपचार झाले. नेहमीच्या पद्धतीत ७१ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. मूल्यमापन झालेल्यांत ते प्रमाण ५१ टक्क्यांवर आलं. डोस सांभाळून दिल्यामुळे आयुष्य कमी झालं, असं दिसलं नाही. डेन्मार्कमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या १४२ अशक्त ज्येष्ठ रुग्णांवरचा अभ्यासही त्याच वर्षी आला. मूल्यमापन करून आहार, व्यायाम, औषधं यांत दुरुस्ती केलेल्या गटात ४५ टक्के रुग्णांची ठरलेली केमो पूर्ण झाली, दुसऱ्या गटात २८ टक्के. म्हणजे ही तपासणी उपचार कमी करण्यासाठी असते असं नाही. बऱ्याचदा तिच्यामुळेच उपचार पूर्ण होतात.

ब्रिटनमधला एक अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अन्ननलिका आणि जठराचा कर्करोग वाढलेल्या, पण पूर्ण ताकदीची केमो झेपणार नाही अशा ५१४ रुग्णांना ऑक्झॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन हीच दोन औषधं तीन वेगवेगळ्या डोसांत दिली. सगळ्यात कमी डोस सर्वांत मोठ्या डोसाच्या ६० टक्के होता. आजार आटोक्यात ठेवण्यात तो मागे पडला नाही, आणि रुग्णांचे दिवस त्यात जास्त बरे गेले. आपल्या घरात औषध जास्त म्हणजे गुण जास्त, हा समज पक्का असतो. "डॉक्टरसाहेब, चांगल्यात चांगलं आणि पूर्ण द्या, पैशांची काळजी करू नका," हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. ते प्रेमाचं वाक्य होतं. अब्बांना त्याची किंमत मोजावी लागली.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या मोहल्ल्यात जास्त दिसते. आमच्या नात्यातल्या एका फुफूंचं वय ७१. फजरला उठून घरभराची चहा-न्याहारी करणाऱ्या, मंगळवारच्या बाजारातून दोन पिशव्या उचलून आणणाऱ्या. संडासवाटे रक्त जायला लागलं. तपासणीत आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होऊ शकतं. घरी बैठक बसली. तीन मुलगे, एक जावई आणि चहा. "या वयात कापाकापी कशाला? अल्लाहने दिलं तेवढं आयुष्य." निर्णय झाला. फुफू त्या वेळी आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांना कुणी बाहेर बोलावलं नाही. चार महिन्यांनी आतडं बंद पडलं आणि मध्यरात्री तातडीचं ऑपरेशन करावं लागलं. जे काम तयारीने, दिवसाउजेडी झालं असतं, ते जिवावरच्या संकटात झालं.

अब्बांना वय असूनही पूर्ण डोस मिळाला, कारण फाईल धरणारा मुलगा हट्टाला पेटला होता. फुफूंना वयामुळे काहीच मिळालं नाही, कारण त्यांच्या बाजूने हट्ट करणारं कुणी नव्हतं. दोन्हीकडे चूक एकच झाली. आम्ही आकडा पाहिला, माणूस पाहिला नाही. फुफूंना तीन मीटर चालायला लावलं असतं, तर त्यांनी आम्हा सगळ्यांना मागे टाकलं असतं. आणि बाईच्या बाबतीत हा आकडा लवकर म्हातारा होतो, हेही आपण कबूल करायला हवं. पुरुषाला सत्तरीत 'बुजुर्ग' म्हणतात. बाईला साठीतच 'आता काय राहिलं' असं म्हणतात.

नशिबाचा विषय निघतो म्हणून थोडं बोलतो. आजार आला तर इलाज करायचा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. 'अल्लाहची मर्जी' हे शब्द इलाज करून झाल्यावर धीर देण्यासाठी आहेत. चौकशी टाळण्यासाठी ते वापरू नयेत. रोज्यांचंही तसंच. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे सर्वांना माहीत असतं, तरी घरातली बुजुर्ग मंडळी केमो चालू असताना गुपचूप रोजा ठेवतात. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर दिवसातून दोनदा घ्यायच्या असतात, आणि जुलाब लागले तर भरपूर पाणी लागतं. रोजा ठेवायची इच्छा असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. हॉस्पिटलमध्ये ओशाळं वाटतं म्हणून आपण अनेकदा हे सांगत नाही. सांगितलं तरच औषधांची वेळ आणि जोखीम यांवर मोकळं बोलता येतं.

आता तुमच्याशी, म्हणजे विशी-तिशीतल्या वाचकांशी. आपल्या घरांत हॉस्पिटलची फाईल तुमच्या हातात असते. इंग्रजी रिपोर्ट तुम्ही वाचता, ऑनलाइन नंबर तुम्ही लावता, ओपीडीत डॉक्टरांशी मराठी-हिंदीत तुम्ही बोलता आणि दादीला दख्खनीत समजावूनही तुम्हीच सांगता. म्हणून उपचार सुरू होण्याआधी एक कागद तुम्ही तयार करा. एकच पान. त्यावर हे लिहा:

१. गेल्या सहा महिन्यांत कितीदा पडले, कुठे पडले. हे अम्मीला किंवा भाभीला एकटं गाठून विचारा, बुजुर्ग स्वतः सांगत नाहीत.

२. आंघोळ, कपडे, संडास, औषधं, फोन, पैसे. यात कुठे मदत लागते.

३. वजन आता किती, तीन महिन्यांपूर्वी किती. जेवण किती कमी झालं.

४. घरातली सगळी औषधं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, हकीमसाहेबांच्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्यांसकट. यादी जमत नसेल तर पिशवीच घेऊन जा.

५. ऐकू कसं येतं, दिसतं कसं.

६. विसरणं वाढलंय का. मागच्या ऑपरेशननंतर किंवा तापात असंबद्ध बोलत होते का.

७. मन कसं आहे. पूर्वी आवडणाऱ्या कोणत्या गोष्टी सुटल्या.

८. घरी रात्री उठून पाहणारं माणूस कोण, आणि त्या माणसाची स्वतःची तब्येत कशी.

एक खूण आपल्या घरात रोज दिसते. नमाजमध्ये सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो का? खुर्चीवर नमाज कधीपासून सुरू झाली? मशिदीत जाणं कधी बंद झालं, आणि का? हे काही शास्त्रीय मोजमाप नाही. पण गेल्या वर्षभरात शरीर कुठून कुठे आलं, हे त्यातून तारखेसकट सांगता येतं, आणि डॉक्टरांना अशी माहिती उपयोगी पडते.

हा कागद घेऊन डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हा उपचार नाही घेतला तर काय होईल? घेतला तर फायदा किती आणि त्रास किती? यांच्या तब्येतीला झेपेल असा दुसरा मार्ग आहे का: एकच औषध, कमी डोस, आधी आहार आणि व्यायाम सुधारून मग ऑपरेशन? प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी नाही. मात्र डोस स्वतःहून कमी करू नका आणि गोळ्या परस्पर बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा.

सगळं काही घरावर सोडून चालणार नाही. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये साठ आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांसाठी असं मूल्यमापन करणारी वेगळी ओपीडी आहे. म्हणजे हे आपल्या राज्यात, आपल्या गर्दीत होऊ शकतं. मग ते कोल्हापूर, सोलापूर, औरंगाबाद, नागपूरच्या कॅन्सर ओपीडीतही का मागू नये? २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. ही मोठी गोष्ट आहे. आपल्या वस्त्यांत ज्यांची कार्डं निघालेली नाहीत, ती काढून देणं हे आपल्या कार्यकर्त्यांचं पहिलं काम. पण उपचाराचे पैसे मिळणं वेगळं, आणि तो उपचार या माणसाला झेपेल का हे आधी पाहणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी एक नर्स किंवा समाजसेवक, एक खुर्ची, तीन मीटरची मोकळी जागा आणि अर्धा तास लागतो. ही मागणी निवेदनात लिहिण्याइतकी छोटी आहे आणि लिहून पाठपुरावा करण्याइतकी मोठी.

त्यात भाषेचीही मागणी हवी. आठवण तपासताना घड्याळाचं चित्र काढायला सांगतात. ज्या दादीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिला ते जमलं नाही तर तो स्मृतिभ्रंश नव्हे, आपण तिला शाळेत न धाडल्याचा परिणाम आहे. प्रश्न तिच्या बोलीत, तिच्या आयुष्याला धरून विचारले गेले पाहिजेत. हे काम आपल्यातली मेडिकल, नर्सिंग आणि समाजकार्य शिकणारी मुलं-मुली करू शकतात.

शेवटी जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, तो. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर एका दुपारी मी अब्बांना विचारलं, "अब्बा, उपचार सुरू झाले तेव्हा तुमच्या मनात काय होतं? तुम्हाला काय हवं होतं?" ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मेरेकू बस ईदगाह तलक चलके जाने का था."

ऑक्झॅलिप्लॅटिनने हातापायांना बधिरपणा येतो. ऑपरेशननंतरच्या केमोत, सत्तरीपुढच्या रुग्णांमध्ये गोळ्यांना हे दुसरं औषध जोडल्याचा जास्तीचा फायदा मोठ्या अभ्यासांत ठळक दिसलेला नाही. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अब्बांना काय हवं होतं हे मी विचारलं असतं आणि डॉक्टरांना सांगितलं असतं, तर कदाचित एकाच औषधावर चर्चा झाली असती. कदाचित तसं झालंही नसतं. पण निर्णय तरी त्यांचा असता.

यंदाच्या ईदला आम्ही ईदगाहपर्यंत रिक्षाने गेलो. फाटकापाशी अब्बा उतरले आणि म्हणाले, "अब यहाँसे चलता हूँ." एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. पायाला जमीन नीट लागत नाही, म्हणून दर पावलाला ते खाली बघत होते. खुर्च्यांच्या रांगेपर्यंतचं अंतर मी मोजलं नाही. तीन मीटरपेक्षा नक्कीच जास्त होतं.